कणसाची फळी

फळीमामांच्या घरात एक कपाट होतं. त्याच्या दोन्ही दारांवर काळ्या रंगाचे मोठे बाण होते आणि ते जमिनीकडे तोंड करून होते. नवीन माणूस घरात आला की हमखास म्हणायचा, मामा, तुमचं कपाट उलटं उभं राहिलंय. मामांचं उत्तर ठरलेलं असे, कपाट सरळ आहे, बाण चुकलेत. खरं तर बाण काढणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्या फळ्या लांबच्या देशातून आलेल्या कुठल्याशा यंत्राच्या खोक्याच्या होत्या, आणि खोक्याची वरची बाजू कुठली हे हमालांना कळावं म्हणून बाण काढले होते. मामांनी फळ्या जोडताना लाकडाच्या रेषा बघितल्या, बाण बघितले नाहीत.

सगळं घरच तसं होतं. भांड्यांच्या मांडणीवर काचेचा पेला काढलेला, म्हणजे आतला माल फुटणारा आहे, जपून उचला. मोरीच्या दारावर छत्री, म्हणजे पाण्यात भिजू देऊ नका. त्या छत्रीवर रोज सकाळी सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी उडायचं. पलंगाच्या डोक्याशी परक्या लिपीतलं अर्धं नाव होतं, कारण उरलेलं अर्धं शेजाऱ्यांच्या बाकड्याला लागलं होतं. मामी म्हणायच्या, "या घरात सगळं परदेशी. देशी अशी मी एकटीच."

मामांचे वडीलही लाकडातलेच, पण त्यांचं काम उलट्या दिशेचं. ते बंदरावरच्या एका व्यापाऱ्याकडे माल बाहेर पाठवायची खोकी ठोकायचे. त्या काळी इथून पितळी भांडी जायची, कमावलेलं चामडं जायचं, वाळवलेली पानं आणि साली जायच्या. वडील तोंडात खिळे धरून काम करायचे आणि खिळे संपले की बोलायचे. म्हणायचे, माझी खोकी अर्धी दुनिया फिरून आली असतील, मला मात्र फाटकाच्या आत धक्क्यावर कुणी उभं करत नाही. पुढे इथली भांडी बाहेर कुणाला नकोशी झाली आणि बाहेरची यंत्रं इथे सगळ्यांना हवीशी झाली. व्यापाऱ्याने खोकी करणं थांबवलं. तेव्हा मामा हाताशी आले होते. वडील खोकी ठोकत होते, मामा आलेली खोकी फोडू लागले. गोदामांच्या मागे पडलेली तुटकी खोकी उचलायची, खिळे उपटून सरळ करायचे, फळ्या रंधायच्या आणि त्यातून लोकांना टेबलं, मांडण्या, पलंग करून द्यायचे. गल्लीत असं घर नव्हतं जिथे मामांची एखादी फळी नाही.

नंतर जहाजांवरून लोखंडी डबे आले, घराएवढे. त्यांच्यात माल कागदी खोक्यांतून भरला जाऊ लागला आणि लाकूड आटलं. जड यंत्रं तेवढी अजून लाकडात बांधून यायची. त्या दुष्काळाच्या दिवसांतच कधीतरी फळ्यांवर एक नवीन शिक्का दिसायला लागला. लहानशी चौकट, तिच्यात धान्याचं एक कणीस, आणि बाजूला काही अक्षरं नि आकडे. मामांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. पण हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कणीस असलेल्या फळीला कीड लागत नाही. जुन्या फळ्यांत भुंगा शिरायचा, पलंगाखाली पिवळ्या भुशाचे ढीग पडायचे आणि लोक तोंड वाकडं करून मामांकडे यायचे. कणसाच्या फळीबद्दल कधी कुणी आलं नाही.

मामांनी त्यावरून आपला अर्थ लावला. उत्तम लाकडाची ती खूण असणार. जशी चांगल्या कापडाच्या काठावर गिरणीची असते, तशी. मग काय, मामांच्या तोंडी तेच सुरू झालं. ही साधी फळी आहे, ही कणसाची आहे. गिऱ्हाईकही विचारू लागलं, मामा, कणसाची आहे ना? लोक शिक्का आत जाऊ द्यायचे नाहीत, बाहेर दिसेल असा लावून घ्यायचे. अशी सगळ्या गल्लीला कणसाची गोडी लागली, आणि ती लावली मामांनी.

मुलीला पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा मामांनी पाळणा करायला घेतला. साधा, चार पायांचा, मध्ये झुलणारा. त्यासाठी किती दिवस ते फळ्या बाजूला काढून ठेवत होते, कुणाला हात लावू देत नव्हते. सगळ्या कणसाच्याच. उशाकडच्या फळीवर कणीस बरोबर मध्यभागी येईल असं त्यांनी मापून कापलं. बाजूची अक्षरं आणि आकडे मात्र त्यांना खटकले. लेकराच्या डोक्याशी ही कसली वखारीची खरड, असं म्हणून त्यांनी रंधा लावला आणि अक्षरं साफ उडवून टाकली. कणसाभोवती पटाशीने बारीक नक्षी काढली, तेल पाजलं, आणि फळी आरशासारखी केली. मामी बघायला आल्या आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता परत गेल्या.

त्या पाळण्यात मुंगी वाढली. मुंगी म्हणजे नात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मामांनीच ते नाव ठेवलं आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. मुलगी बाळंतपणानंतर बरेच महिने माहेरी राहिली, पुढेही येऊन-जाऊन असायची. मुंगी उताणी पडून कणसाकडे टक लावून बघायची, पुढे बसायला लागल्यावर त्याला बोट लावायची, आणि बोलायला लागल्यावर त्याला "माजं कणीश" म्हणायची. मामा म्हणायचे, तुझंच आहे, कुणाला द्यायचं नाही.

मुंगीच्या छातीचं मात्र पहिल्या वर्षातच सुरू झालं. रात्री घशातून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली. एक म्हणाला धुळीने होतं, दुसरा म्हणाला घराण्यात कुणाला तरी असेल, तिसरा म्हणाला मोठी झाली की जाईल. ती मोठी होत गेली, आणि तिच्या दप्तरात पाटी-पेन्सिलीबरोबर तोंडात फवारा मारायचा एक निळा पंप आला. पोर चुणचुणीत होती, पण पळताना मध्येच थांबायची, गुडघ्यांवर हात टेकून वाकायची आणि म्हाताऱ्यासारखी श्वास गोळा करायची.

यंदा मुलीला पुन्हा दिवस गेले. सातवा लागल्यावर तिचा निरोप आला, पाळणा माळ्यावरून काढून पुसून ठेवा, या खेपेला बाळंतपण सासरी आहे, आम्ही येऊन घेऊन जाऊ. त्याच आठवड्यात मामा फळ्या बघायला बंदराच्या मागच्या आवारात गेले होते. आवारात एका बाजूला बाहेर जाणाऱ्या मालाची लाकडी खोकी रचून त्यांच्यावर ताडपत्री घातली होती. कडेने वाळूच्या पिशव्या दाबलेल्या आणि पुढे कवटीचं चित्र असलेला लाल फलक. जरा लांब, वारा जिकडून येत होता त्या अंगाला, एक माणूस रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बसून थर्मासमधला चहा पीत होता. त्याला सगळे धुरीवाला म्हणत. मामा त्याला तोंडओळखीने ओळखत होते. त्याच्या पायाशी शाईची गादी होती आणि तिच्यावर एक मोठा रबरी शिक्का. मामांनी शिक्का उचलून उलटा केला, तर त्यावर कणीस.

परक्या गावात आपलं माणूस भेटावं तसं मामांना झालं. त्यांनी विचारलं, हे कणीस तुमच्याकडे कसं काय? मी तर समजत होतो हे फक्त तिकडनं येतं. धुरीवाला बोलका होता, दिवसभर एकटा बसून कंटाळलाही होता. त्याने मामांना चहा दिला आणि सांगितलं, की हे आता सगळ्या देशांत सारखंच आहे. माल सगळ्यांना हवा असतो, पण मालाबरोबर लाकडात बसून जाणारी कीड कुणालाच नको असते. त्यांची कीड आपल्याला नको, आपली त्यांना नको. म्हणून खोक्याच्या लाकडातली कीड मारायची आणि मारली याचा हा शिक्का उठवायचा. शिक्का नसला तर माल धक्क्यावरूनच परत.

"म्हणजे लाकूड चांगलं असतं म्हणून नव्हे?" मामांनी विचारलं.

"लाकडाचं काय, कसलंही चालतं. आतलं सगळं मेलेलं पाहिजे, एवढंच."

मग मामांनी विचारलं की मारतात कसं. धुरीवाल्याने सांगितलं, दोन तऱ्हा. एक, लाकूड भट्टीत घालून आतपर्यंत तापवायचं. दुसरी म्हणजे त्याचं काम, ताडपत्रीखाली गॅस सोडायचा. कुठलं काय केलंय ते शिक्क्यातल्या अक्षरांवरून कळतं. मामांना अक्षरं येत नाहीत म्हटल्यावर त्याने काडीने मातीत काढून दाखवली. हे एकाच पायरीच्या शिडीसारखं अक्षर असलं तर तापवलेलं. हे दोन डोंगरांसारखं असलं तर गॅस.

मामा मातीतल्या दोन डोंगरांकडे बघत राहिले. त्यांनी जपून विचारलं, तो गॅस मग लाकडात राहतो का?

"ताडपत्री काढली, वारा लागला की उडून जातो. असं आम्हाला शिकवलंय," धुरीवाला म्हणाला. "आणि राहिला जरा, तर कुणाचं काय जातंय मामा? सामान बांधायचं लाकूड आहे. कुणी उशाशी थोडंच घेणार आहे?"

मामांनी कप खाली ठेवला. फळ्या न बघताच ते घरी आले.

घरी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक फळी बघायला सुरुवात केली. मांडणीवर शिडी. कपाटाच्या पाठीवर शिडी. जरा जीव भांड्यात पडला. पलंग जुना, त्याच्यावर शिक्काच नव्हता. मग मामी ज्या पाटावर बसून भाजी चिरायच्या तो त्यांनी उलटा केला, तर त्याच्या पोटाशी दोन डोंगर होते. मामी म्हणाल्या, पाटाला काय झालं, अंडी घातलीत का त्याने? मामा शिडी लावून माळ्यावर चढले.

पाळणा जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. त्यांनी तो खाली आणला, दाराच्या उजेडात ठेवला आणि चादर काढली. कणीस होतं तसं होतं, तेलाने गडद झालेलं. त्याच्या बाजूला जिथे अक्षरं होती तिथे नुसतं गुळगुळीत लाकूड. मामांनी फळी तिरकी करून बघितली. नखाने चाचपली, ओल्या फडक्याने पुसून बघितली, कारण कधीकधी ओलं केलं की गेलेली शाई वर दिसते. काही दिसलं नाही. बाकीच्या फळ्याही त्यांनी तशाच साफ केल्या होत्या. रंधा धारदार होता आणि तेव्हा हातही चांगला होता. शिडी होती की डोंगर होते, ते त्या दिवशी भुशात गेलं. आणि तो भुसा मामींनी पाणी तापवायला चुलीत घातला. नुसत्या मामींनी नाही, गल्लीतल्या निम्म्या बायका मामांच्या दारातून भुसा आणि तुकडे घेऊन जायच्या. हे मनात आलं तेव्हा मामा उंबऱ्यावर टेकले.

मामींनी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. त्या समोर येऊन बसल्या, त्याच पाटावर, आणि म्हणाल्या, आता सांगा. मामांनी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. ऐकून झाल्यावर मामी उठल्या, पाट उचलून बाहेरच्या भिंतीशी ठेवून आल्या आणि जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, डॉक्टरने धूळ म्हटलं होतं. मामा म्हणाले, हो. तो माणूस म्हणाला ना, गॅस उडून जातो. मामा म्हणाले, हो, म्हणाला. आणि फळी तापवलेलीच नसेल कशावरून? मामा म्हणाले, असेल. सगळ्याला ते हो म्हणत होते. तरी दोघांपैकी कुणी पाळण्याला हात लावला नाही.

"मुलीला सांगावं लागेल," मामा म्हणाले.

"काय सांगणार? तुम्हाला तरी काय ठाऊक आहे?" मामी म्हणाल्या. "ठाऊक असतं तर मीच म्हटलं असतं, सांगा. नुसती शंका तिच्या पदरात घालू नका. पोटुशी आहे ती. पोरीचा एकेक श्वास ऐकत रात्र काढेल."

मामांना ते पटलं. किंवा पटावं असं त्यांना वाटत होतं, त्यामुळे पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळणा सोडवला. चांगले जोड होते, निघता निघेनात. स्वतःचीच कारागिरी त्यांच्याशी भांडत होती. फळ्या सुट्या झाल्यावर प्रश्न पडला की यांचं करायचं काय. जाळता येत नाहीत. कुणाला देता येत नाहीत. फेकल्या तर कुणी तरी उचलणार, मामांनी जन्मभर दुसरं काय केलं होतं? ज्या देशातून आल्या तिकडे परत पाठवायची काही सोय नव्हती. शेवटी त्यांनी फळ्या गोणपाटात बांधून कामाच्या खोलीत, दारामागे उभ्या केल्या.

मुलीला त्यांनी कळवलं की पाळण्याचे जोड सुटले, वापरण्यासारखा राहिला नाही, मी नवा करतो. मुलगी फोनवर आधी हसली. तुमचा जोड सुटला? बाबा, हे दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मग हसायची थांबली. कुणाला दिलात का? मामा म्हणाले, नाही. विकलात? मामा म्हणाले, काहीतरीच काय. मग निदान तुटका तरी दाखवा, मी कुणाकडून तरी नीट करून घेईन. मामांनी फोन मामींकडे दिला. मामींनी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही, पण त्या दिवसापासून मुलीचे फोन मामींनाच यायला लागले.

नवा पाळणा करायला मामांनी जन्मात पहिल्यांदा वखारीतून लाकूड विकत आणलं. कोरं, बिनखुणेचं. फळी समोर आली की ते आधी तिचा वास घ्यायचे. वास नसला की जास्तच भ्यायचे, कारण गॅसला वास असतो की नाही हे त्यांनी विचारलंच नव्हतं. काम पुढे सरकलंच नाही. आणि एके दिवशी मुलगी, जावई आणि मुंगी दारात उभे राहिले. जावयाच्या खांद्यावर एक मोठं कागदी खोकं होतं. दुकानातून तयार पाळणा घेतला होता, सुटे भाग घरी जोडायचे असा. जावई म्हणाला, त्यातले स्क्रू काही माझ्या बापाला जमायचे नाहीत, म्हटलं तुमच्याकडेच आणावं. तो भला माणूस होता, सासऱ्याचा मान राखायला बघत होता. मुलगी नुसती आईजवळ जाऊन बसली.

खोक्यावर पेला होता, छत्री होती, वर तोंड केलेले बाण होते. परक्या देशाचं नाव होतं. मामांनी आतून पांढरे गुळगुळीत दांडे काढले आणि मुकाट्याने जोडायला बसले. मुंगी शेजारी उकिडवी बसून स्क्रू हातात देत होती. काम होत आलं तशी तिने सगळ्या बाजूंनी फिरून पाळणा बघितला.

"आजोबा, यावर कणीस कुठंय?"

मामा म्हणाले, याला नसतं.

"मग माझं लावा ना बाळाला. मी देते. थोडे दिवस."

मामा स्क्रू फिरवत राहिले, तो कधीच घट्ट बसला होता. म्हणाले, ते हरवलं. मुंगी म्हणाली, शोधते, आणि पळाली. मोठी माणसं बोलत होती, कुणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने ती कामाच्या खोलीतून आली. गोणपाटाची गाठ तिला सुटली होती. उशाची फळी तिने दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली होती, हनुवटी कणसावर टेकली होती, आणि धावल्यामुळे घशातून शिट्टी वाजत होती.

मामा उठले कसे ते त्यांनाच कळलं नाही. त्यांनी तिच्या हातातून फळी ओढली. मुंगीने सोडली नाही. त्यांनी पुन्हा ओढली, जोराने, आणि ती मागे जाऊन पडली. आजोबांनी तिच्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. ती आधी नुसती बघत राहिली, मग रडायला लागली, आणि रडता रडता तिचा श्वास अडकला. मुलीने धावत जाऊन पिशवीतला पंप काढला, तिला मांडीवर घेतलं, फवारा मारला. पाठीवरून हात फिरवत बसली. श्वास जागेवर आल्यावर तिने वर बघितलं. फळी बघितली. धड, अखंड, नक्षीसकट.

"जोड सुटले होते ना, बाबा?" ती म्हणाली. "एका फळीसाठी पोरीला पाडलंत?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या. जावई पाळण्याचा दांडा धरून खाली मान घालून उभा होता.

"फळी किडकी आहे," मामा म्हणाले. "कीड लागलीय तिला."

जाताना मुलीने मुंगीला कडेवर घेतलं, एवढी मोठी झालेली, आणि मुंगीने आईच्या खांद्यावरून मागे वळून बघितलं नाही. जावयाने जोडलेला पाळणा उचलला. मामा दारापर्यंत गेले. फळी त्यांच्या हातातच होती, अंगापासून लांब धरलेली, आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना काही केल्या सुचत नव्हतं.